जार मागवले, झाली तयारी!

२०२५ च्या जानेवारीतला शेवटचा आठवडा. आमची सोसायटी सिंहगड रोडवर, चाळीस फ्लॅट, त्यातले निम्म्याहून जास्त आयटीवाले. पेपरात गिया-बारे सिंड्रोमच्या बातम्या यायला लागून तीन-चार दिवस झाले होते (यापुढे जीबीएस म्हणतो, उच्चाराची कटकट नको). नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला... म्हणजे आमच्याकडून टू-व्हीलरवर दहा-पंधरा मिनिटं. पुढे रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, पण तेव्हा तो रोज वाढत होता आणि माणसं पेपर उघडायला घाबरत होती.

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला पहिला मेसेज पडला: "पाणी सेफ आहे का?" साडेअकरापर्यंत एकशे चाळीस मेसेज. सकाळी निर्णय झाला. प्रत्येक फ्लॅटमागे वीस लिटरचे दोन जार, रोज. चेअरमनकाकांनी 'प्रोअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्शन' म्हणून जाहीर केलं आणि आम्ही सगळ्यांनी अंगठे टाकले. (मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे भलतंच काहीतरी. असो.)

जार आले. तिसऱ्या दिवशी आमच्या वॉचमनने, म्हणजे ज्याला त्या ग्रुपवर कोणी घेतलेलंच नाही त्याने, मला लिफ्टपाशी गाठून विचारलं, "साहेब, हे जार भरतात कुठं?"

आता बघा. चाळीस घरं, त्यात किमान पंचवीस इंजिनिअर, रोज हापिसात "डेटाचा सोर्स काय?" म्हणून ज्युनिअरला धारेवर धरणारे. एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. मलाही नाही. टेम्पोवाल्याला विचारलं तर त्याने धायरीच्या दिशेला हात केला, "हितंच की, फाट्याच्या पुढं." म्हणजे ज्या पट्ट्यातल्या पाण्याला घाबरून आम्ही जार मागवले, त्याच पट्ट्यात ते भरले जात होते! फेब्रुवारीत महापालिकेने त्या भागातले काही खाजगी आरओ प्रकल्प पाण्याचे नमुने खराब निघाले म्हणून सील केले. आमचा टेम्पो त्याच सुमारास यायचा बंद झाला. काय समजायचं ते समजा.

हे सगळं उगाळायचं कारण असं की आपण, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे तीस-चाळीस वयाचे पगारदार लोक, साथीची तयारी करत नाही. आपण खरेदी करतो. आणि खरेदी झाली की हुश्श करून झोपतो.

पुण्याला तर याची जुनी सवय आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. एका आठवड्यात अख्खं शहर रुमालाने तोंड बांधून फिरायला लागलं, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, आणि गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या. आमच्या होस्टेलवर निलगिरीचं तेल ब्लॅकने विकणारा एक महाभाग होता (आज तो कुठल्याशा स्टार्टअपचा सीईओ आहे, आश्चर्य नाही). २०२० च्या मार्चमध्ये तेच. ह्या वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ज्यांना गरज नाही त्यांनी डबे भरून ठेवले, आणि संधिवाताच्या, ल्युपसच्या पेशंटना, ज्यांची ती रोजची गोळी, त्यांना दहा-दहा दुकानं पालथी घालावी लागली. एकाच्या घरातली 'तयारी' म्हणजे दुसऱ्याच्या घरातला तुटवडा. मार्च संपायच्या आत सरकारला ते औषध शेड्यूल एच-वनमध्ये टाकावं लागलं.

याउलट माझी आजी तिच्या आजीच्या प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर मरून पडला की दुसऱ्या दिवशी घर सोडायचं. गावाबाहेर माळावर झोपड्या घालायच्या, महिना-दोन महिने तिथेच. कोणी कोणाच्या शेतात जायचं, जातं कोणाचं न्यायचं, म्हाताऱ्या माणसांना बैलगाडीत कोण घेणार, हे सगळं ठरलेलं असायचं. जंतू, पिसवा, काही माहीत नसताना! १८९७ चा साथरोग कायदा, रँडसाहेब, घराघरात घुसणारे सोल्जर हे आपण शाळेत शिकलो. पण ह्या माळावरच्या झोपड्या कुठल्या पुस्तकात ठळकपणे आल्या नाहीत. त्या लोकांकडे सॅनिटायझर नव्हता, पण प्लॅन होता. आपल्याकडे सॅनिटायझर आहे.

आता माझंच सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको.

माझं काम डिझास्टर रिकव्हरीचं. दर तीन महिन्यांनी आम्ही मुद्दाम एक डेटा सेंटर बंद पाडतो आणि दुसऱ्यावरून सगळं चालतंय का बघतो. त्यासाठी चाळीस पानांचं रनबुक आहे. कोण कोणाला फोन करणार, तो नाही उचलला तर कोणाला, सगळं लिहिलेलं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: बॅकअप घेतलाय म्हणजे काही झालेलं नाही, रिस्टोअर करून बघितलाय का ते बोल.

आणि २०२१ चा एप्रिल. आई-बाबा सातारला, मी पुण्यात. शुक्रवारी रात्री आईचा फोन, "बाबांना कणकण आहे. काही नाही, साधा ताप." मागून बाबांचा आवाज, "अगं त्याला कशाला सांगतेस, मीटिंगा असतात त्याला." मी म्हणलं, ऑक्सिमीटर लावून बघा, मी २०२० मध्येच पाठवला होता. कपाटातून निघाला. सेल संपलेले. तसलेच छोटे सेल घरात नाहीत, दुकानं बंद. शनिवार असाच गेला. बाबा म्हणत राहिले, दम लागत नाहीये, बरा आहे. (नंतर कळलं की त्या आजारात ऑक्सिजन खाली जातो आणि माणूस मजेत गप्पा मारत असतो, म्हणून तर ते यंत्र लागतं.) रविवारी दुपारी शेजारच्यांनी त्यांचा ऑक्सिमीटर दिला. शहाऐंशी. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की डॉक्टर गाठा, हे मला तोंडपाठ होतं. सांगा, काय उपयोग?

मग डॉक्टरांनी फोनवर विचारलं, बीपीची गोळी कुठली चालू आहे? आई म्हणाली, "ती गुलाबी, सकाळची." विम्याची पॉलिसी? बाबांच्या मेलमध्ये. मेलचा ओटीपी? बाबांच्या फोनवर. फोनचा पॅटर्न? बाबांच्या डोक्यात. आणि बाबा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये. ज्याला आम्ही हापिसात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, तो माझ्या घरात पासष्ट वर्षांचा, मास्क लावून, स्ट्रेचरवर होता. आणि ते मी कधी बघितलंच नव्हतं.

बेड कसा मिळाला? मी पुण्यात बसून एक्सेल शीट करत होतो, हेल्पलाइन क्रमांक, हॉस्पिटलं, रंग देऊन. बाबांचे एक मित्र आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्याकडे खिशात मावणारी एक डायरी, त्यात नंबर पेनाने लिहिलेले. त्यांनी सात फोन केले आणि सातव्याला बेड मिळाला. पैसे होते माझ्याकडे, हे मुद्दाम सांगतो. त्या महिन्यात पैशाने बेड मिळत नव्हता, आणि आपल्या पिढीला बहुधा पहिल्यांदाच कळलं की कार्ड स्वाइप होऊनही वस्तू येत नाही.

बाबा वाचले. पण रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा माणूस आता चार भिंतीपर्यंत जातो आणि कट्ट्यावर बसतो. तो वाया गेलेला शनिवार नसता तर, हा विचार मी कितीही टाळला तरी सातारला गेलो की येतोच. दोन सेल हो, फक्त दोन सेल!

यावर लोकांची ठरलेली उत्तरं आहेत, तीही ऐकून घेऊ.

पहिलं: "तू पॅरानॉइड आहेस." बरं. हेल्मेट घालतोस ना? गाडीला स्टेपनी आहे ना? पुढे.

दुसरं: "आमची इम्युनिटी चांगली आहे." ह्यावर मी आता वाद घालत नाही. काढा प्या, आवडत असेल तर. चवीला छान असतो. पण २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवर पसरला तो काढा कमी पडला म्हणून नाही, लस राहून गेलेली पोरं होती म्हणून. तुमच्या घरातल्या लहान मुलाचं लसीकरण कार्ड आत्ता, ह्या मिनिटाला, कुठे आहे? आई-वडिलांना फ्लूची लस, जी दरवर्षी घ्यावी लागते, ती शेवटची कधी दिली? मी विचारलेल्या दहातल्या नऊ मित्रांनी "अशी काही असते का?" म्हणून मलाच विचारलं. पाळलेल्या कुत्र्याच्या लसीची तारीख मात्र फोनच्या रिमाइंडरमध्ये आहे.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे: "हे सरकारचं काम आहे, आपण घरात बसून काय करणार?" हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. नांदेड आणि किरकटवाडी महापालिकेत आली २०२१ मध्ये. धरण उशाशी, आणि नळाला येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता विहिरीतून, नुसतं क्लोरीन मारून. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जिवाणू पोट बिघडवतो, आणि क्वचित कोणाच्या बाबतीत, पोट बरं झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी, शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा मज्जातंतूंवर उलटते. पायाला मुंग्या, मग दोन्ही पायांत अशक्तपणा, तो वर चढत जातो. असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. आता ती विहीर मी माझ्या घरात बसून स्वच्छ करू शकत नाही, कबूल. पण माझ्या टाकीत पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन उरलाय का, हे बघू शकतो. गावोगावच्या ग्रामपंचायतींत पाणीवाला ओटी टेस्ट करतो. छोट्या नळीत पाणी, त्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. दहावी पास माणूस करतो हे रोज. आणि आम्ही, चाळीस फ्लॅट, जारवर दिवसाला बत्तीसशे रुपये उडवत होतो. ते किट जारच्या एका दिवसाच्या खर्चाहून स्वस्त आलं.

घरात तर त्याहून सोपं. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, मिनिटभर राहू द्या, झाकून गार करा. कॅम्पिलोबॅक्टर त्यात मरतो. पण मग त्याच उत्साहात कच्चं चिकन नळाखाली धुवून बेसिनभर शिंतोडे उडवायचे आणि त्याच बोर्डावर काकडी चिरायची, हे बंद करा. आणि ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर ते एक लिटरमध्येच घालायचं, "अर्धं ग्लासात घालतो, स्ट्राँग होईल" असला शहाणपणा नको. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. फळांच्या चवीचे जे गोड टेट्रापॅक 'ओआरएस' म्हणून मिळायचे ते ओआरएस नव्हेतच. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरायला बंदी घातली, एका हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ बाई आठ वर्षं भांडल्यावर. आमच्याकडे फ्रीजमध्ये सहा पडले होते. पोराला सर्दी झाली तरी आम्ही तेच पाजायचो. हसा.

पण ह्या सगळ्यापेक्षा मला टोचणारी गोष्ट वेगळी आहे.

त्याच फेब्रुवारीत एके सकाळी आमच्या मावशी स्वयंपाकाला आल्या, चेहरा उतरलेला. बायकोने विचारलं तर म्हणाल्या, तीन दिवस जुलाब होतायत. राहायला किरकटवाडीला. बायको म्हणाली, "अहो मावशी, मग आलात कशाला?" तर म्हणाल्या, "ताई, खाडा झाला की पैसे कापत्यात. तुमी न्हाई कापत, पण बाकीच्या चार घरचे कापत्यात. आन् एका घरी जाऊन दुसरीकडं न्हाई गेलं तर त्येंला कळतंच की."

त्या दिवशी त्या आमच्या पोळ्या लाटणार होत्या. आम्ही पाणी उकळत होतो, भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवत होतो, चिरंजीवाची डब्यातली बाटली रोज गरम पाण्याने धूत होतो. आणि आमच्या घराची खरी भिंत मात्र किरकटवाडीतल्या एका खोलीत होती. तिथे पाच माणसांचं पाणी उकळायचं तर महिन्याचा सिलिंडर वीस दिवसांत संपतो. मावशींनी हा हिशोब केलेला होता. आम्ही नव्हता केला.

आपण स्वतः तापाची कणकण आली तरी 'वर्किंग फ्रॉम होम, फीलिंग अंडर द वेदर' असं टाकून पांघरुणात शिरतो. सिक लीव्ह आपला हक्क, कंपनी देते, नाही दिली तर आपण राजीनाम्याची भाषा करतो. आणि आपल्याच घरातल्या बाईच्या चार खाड्यांचे आठशे रुपये कापून घेतो. बरं, नीती-बीती बाजूला ठेवा, नुसता स्वार्थ बघा. आजारी माणसाला कामावर यायला भाग पाडणारी ह्याहून पक्की योजना तुम्ही मुद्दाम बसलात तरी आखू शकणार नाही! ज्याच्या घरात मावशी येतात आणि ज्याने त्यांना आजारपणाची पगारी सुट्टी दिलेली नाही, त्याने साथीची तयारी केलेली नाही. मग त्याच्या कपाटात एन-९५ चे पाच डबे असोत. हे वाक्य मी सोसायटीच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं होतं. दोघांनी ग्रुप सोडला. एका काकूंनी लिहिलं की अशाने ह्या बायका डोक्यावर बसतील. एकाने 'फायनान्शियल इम्प्लिकेशन्स' विचारले, जो आदल्या महिन्यात थायलंडला जाऊन आला होता.

महिनाभर भांडून चाळीसपैकी अकरा घरं तयार झाली. वर्षाला बारा पगारी खाडे, आजारपणासाठी, कारण विचारायचं नाही. साथ आली तर पूर्ण पगार, घरी बसून. शिवाय आम्ही दोन घरांनी मिळून मावशींच्या जादा सिलिंडरचे पैसे दिले. मावशींनी पहिल्या वर्षात त्यातले चार घेतले. चार! डोक्यावर बसणं म्हणतात ते हेच असावं.

मग मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही घरात ड्रिल केलं, अगदी हापिसात करतो तसं. बायको पेशंट, तिने आतल्या खोलीत राहायचं रविवार संध्याकाळपर्यंत. शनिवारी सकाळी अकराला प्रकल्प कोसळला. आतल्या खोलीची खिडकी गेल्या दिवाळीत रंग दिल्यापासून उघडतच नाही, म्हणजे हवा खेळायची ती एवढीशीही नाही. त्या बाथरूमला गीझर नाही. थर्मामीटर दोन निघाले, दोन्ही बंद. चिरंजीवाने दारावर लाथा घालून "आई आजारी नाहीये, ती मोबाइल बघतेय" हे सत्य अख्ख्या मजल्याला ऐकवलं. आणि मला कळलं की मला कुकरला वरण-भाताशिवाय काही लावता येत नाही. कुठलीच गोष्ट महाग नव्हती. सुतार खिडकीचे चारशे घेऊन गेला.

बाबांच्या गोळ्यांचं पान आता आईच्या, माझ्या आणि त्या कंडक्टरकाकांच्या डायरीत आहे. पेनाने. ऑक्सिमीटरचे सेल काढून शेजारी ठेवलेत (आत ठेवले की खराब होतात), आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई तो लावून आकडा सांगते. बाबा पहिल्यांदा चिडले, "मी काय तुझा सर्व्हर आहे का?" आता स्वतःच फोन करतात, सकाळी आठला, मी झोपेत असताना. "शहाण्णव. सहा मिनिटं चालून पंच्याण्णव. गोळी टेल्मिसार्टन चाळीस. झोप आता."

पुढच्या रविवारी अकराला सोसायटीची मीटिंग आहे. विषय तिसरा, गणपतीची रोषणाई. विषय चौथा, टाकीची सफाई आणि रोजची ओटी टेस्ट कोणी करायची. मी वॉचमनचं नाव सुचवणार आहे, महिन्याला हजार रुपये जादा देऊन. आणि त्याला ग्रुपवर घ्या, हेही सांगणार आहे. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी जार कुठे भरतात ते शोधून यावं.